अकरा नंबरची ओली खूण

बसा. उद्यापासून ही टेप तुमच्या ताब्यात, म्हणून काम नीट समजावून सांगतो.

शहराला पाणी देणाऱ्या विहिरींभोवती आपले सोळा बोअर आहेत. त्यांतून पाणी उपसायचं नाही, फक्त पातळी बघायची. टेपच्या टोकाकडच्या तीन मीटरला खडू घासायचा, वीस मीटर टेप आत सोडायची आणि वर ओढायची. जेवढा खडू भिजला तेवढा विसातून वजा करा, उरली ती पाण्याची खोली. दोनदा मोजायचं, सेंटिमीटरभराच्या फरकात जुळलं तरच लिहायचं. अकरा नंबरात पाणी अठरा मीटरच्या खाली गेलं तर पंप त्याच दिवशी बंद. नाहीतर पलीकडच्या रंगाच्या कारखान्याची घाण आपल्या विहिरींकडे ओढली जाते.

अकरा नंबर पडला आडबाजूला, काटेरी झुडपांत. मी दोन वर्षं तिथे फिरकलोच नाही. घरी चहा पिता पिता आकडा लिहायचो, सतरा चाळीस. खोटं खरं वाटावं म्हणून दुसऱ्या मोजणीत मुद्दाम एका सेंटिमीटरचा फरक ठेवायचो. हुशारी बघा माझी.

त्याच काळात माझी भाची गेली. सहा वर्षांची होती, मूत्रपिंडं निकामी झाली. पाणी कुठलं पिता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "पाण्यावर माझा भाऊच आहे हो. त्याची काळजी नको." मी शेजारीच उभा होतो.

मग नवे साहेब आले. बोअरपाशी उभं राहून फोटो काढून आणा म्हणाले. भर दुपारी गेलो. झाकण उघडलं तर आतून गार वारा आला. त्याला दवाखान्यातल्या चादरींचा वास होता. टेप सोडली, वर काढली. खडू भिजला होता एक मीटर बारा. म्हणजे पाणी अठराच्या खाली गेलेलं. पण मी गारठलो ते वेगळ्याच कारणानं. ताईच्या दाराच्या चौकटीवर भाचीची उंची मी याच टेपनं मोजून खुणा करायचो. शेवटची खूण एक मीटर बाराची.

दुसऱ्यांदा सोडली. खालून कुणीतरी टेप दाबून धरली... भाची टाचेखाली टोक दाबून धरायची ना, तशी. मग सैल सोडली. वर आली तेव्हा ओलं होतं फक्त पन्नास सेंटिमीटर.

जुळलं नाही. मी सतरा चाळीसच लिहिलं. खरं लिहिलं असतं तर दोन वर्षांचं बिंग फुटलं असतं.

संध्याकाळी ताईकडे गेलो. तिला नववा महिना होता. एवढं पोट सांभाळत ती चौकटीपाशी बसून फडक्यानं काहीतरी पुसत होती. जमिनीपासून दोन-अडीच वितींवर खडूची नवी रेघ होती.

"ही खूण तू केलीस का रे? दुपारपासून पुसतेय, वाळतच नाही."

"मीच केली," म्हणालो. "बाळासाठी..."

ती हसली. नळाचं पाणी ग्लासभर प्यायली. मी बघत राहिलो.

आठ दिवसांनी मूल जन्मलं, मेलेलंच. नर्सनं मोजून कागदावर लिहिलं, लांबी पन्नास. ताई माझ्याच गळ्यात पडून रडली. तिला माझ्याशिवाय आहे कोण?

त्यानंतर दर महिन्याला न चुकता जातो आणि न चुकता खोटं लिहितो. टेप दर वेळी एकदा एक मीटर बारा भिजायची, एकदा पन्नास. आज भिजली एक मीटर छप्पन्न. दोनदा मोजलं, आणि पहिल्यांदाच जुळलं. माझी उंची एक चौऱ्याहत्तर आहे हो. पुढची पाळी माझी, असं समजून मी इतके महिने निवांत होतो.

तसाच ताईकडे गेलो. ती चौकटीला पाठ टेकून, टाचा जुळवून उभी होती. "मोज ना रे," म्हणाली. तिच्या डोक्याला टेकून रेघ आधीच ओढलेली होती, ओली.

आजची नोंद केली आहे, सतरा चाळीस. ही घ्या टेप. टोक जरा ओलं लागेल, ते वाळत नाही.