बैल मुखरूचा, लाज कोणाची?

"बाई, या पुस्तकानं माह्या पोरीचं, वच्छलाचं लगन मोडलं."

मुखरूनं कादंबरी इंदुताईंपुढे ठेवली आणि तो लंगडत ओसरीच्या कडेला जाऊन बसला.

इंदुताई चांद्यात खाजगी तपास करीत. वकील नवऱ्यामागे त्यांच्याकडे कपाटभर पुस्तकं राहिली आणि सोमाजी नावाचा कारकून. सोमाजीला पुस्तकं जड जात, इंदुताई त्याहून जड.

कादंबरी गुणवंतरावांची होती. ते पूर्वी कुरखेड्याजवळ मुखरूच्याच गावी मास्तर होते. कादंबरीतला माणूस लंगडा, त्याचा बैल एकशिंगी. मोहाच्या झाडाची फुलं पडू लागल्यावर ती वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून तो झाडाखालचा पाचोळा पेटवतो आणि आग पसरून एका विधवेची झोपडी जळते. पुढे जन्मभर तो आगपेटीची काडी ओढत नाही.

मुखरूचाही बैल एकशिंगी. गावातल्या बुधरीची झोपडीही मोहाच्या दिवसांत खरोखर जळाली होती. कुण्या वाटसरूच्या विडीवर त्याचा आळ जाऊन प्रकरण मिटलं होतं. आता चावडीवर कादंबरी वाचली गेली, आणि वच्छलाचा गावातलाच होणारा सासरा वारलू यानं सोयरीक मोडली.

"मी आग नाई लावलो, बाई," मुखरू म्हणाला.

सोमाजीला त्याची कीव आली. पण मनात पाल चुकचुकलीच. एवढं सगळं जुळतंय, मग हेच कसं जुळत नाही?

गुणवंतराव चांद्यातच राहत. ते वैतागले होते. "कादंबरी आहे ती, पंचनामा नव्हे. पाय आणि बैल मी मुखरूचे उसने घेतले. आग तर मी पाहिलीच नाही."

"मग त्यात खरं काय?" इंदुताईंनी विचारलं.

"आग लावणाऱ्याची लाज. ती पाहिली आहे. नाव मात्र विचारू नका."

दुसऱ्या दिवशी इंदुताई आणि सोमाजी मुखरूच्या गावी पोचली. वारलूनं बाज टाकली, ओठांत विडी धरली आणि सोमाजीपुढे मान वाकवली. सोमाजीनं काडी ओढून ती पेटवून दिली.

"बैल खरा, पाय खरा, झोपडी खरी," वारलू म्हणाला. "मंग आग लावनाराच कसा खोटा?"

सोमाजीनं नकळत मान डोलावली.

"मुखरूनं त्या साली झाडाखाली साफ केलं नव्हतं का?" इंदुताईंनी विचारलं.

"केलं होतं. फुलं पडाच्या आधीच पाचोळा जाळून झाडून घेतलन. त्या कामात तो साऱ्याइच्या पुढं."

बुधरी नव्या झोपडीच्या दारात मोहफुलं निवडत होती. इंदुताईंनी त्या सालच्या फुलांची चौकशी केली.

"मुखरूची पिवळीधम्म निघाली. वारलूभाऊची राखेत पडून काळी. तापानं पडला होता बिचारा, त्याचं झाडाखालचं राहूनच गेलं होतं."

"ही झोपडी कोणी बांधली?"

"वारलूभाऊनंच. मी मांगतली बी नाई."

संध्याकाळी इंदुताईंनी सगळ्यांना वारलूच्या अंगणात बसवलं.

"मुखरूच्या झाडाखाली पेटायला पानच उरलं नव्हतं, हे वारलूभाऊ स्वतःच सांगतात. फुलं राखेत पडली ती ज्याला उशीर झाला त्याची. ज्यानं न मागता झोपडी बांधून दिली त्याची. कादंबरीतला माणूस काडी ओढत नाही. आणि सोमाजी, आज तू कोणाची विडी पेटवलीस?"

सोमाजी वारलूकडे बघतच राहिला.

वारलूनं मान खाली घातली. "तापातून उठलो होतो. घाईनं पेटवलो अन् वारा सुटला. सांगाची हिंमत नाई झाली. पुस्तकात लोकाइले मुखरू दिसला, तं मले सुटल्यासारखं वाटलं."

"तवाच सांगतास तं बरं होतं, भाऊ," बुधरी म्हणाली. "दार तरी मोठं मांगून घेतलं असतं."

अंगणात हसू फुटलं. वच्छला दाराआड डोळे पुसत होती, पण हसतही होती.

"म्हणजे कादंबरी खोटी?" सोमाजीनं विचारलं.

"तपशील मुखरूचे होते, सत्य वारलूचं होतं. लोकांनी बैल तेवढा ओळखला."

मुखरूनं कनवटीची काडीपेटी काढली आणि वारलूपुढे धरली. वारलूनं स्वतः काडी ओढली. पहिली काडी विझली. दुसरी पेटली, तशी त्यानं आधी मुखरूची विडी पेटवली, मग आपली.

"लगन कधी धरू, इवाई?" त्यानं होणाऱ्या व्याह्याला विचारलं.