होळीला आलेले पाय

हे घडलं आहे. पदरचं एक अक्षर त्यात नाही.

सुनिता तळोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांचं नाव काढलं तर वर्गात हसणारी बाई. म्हणूनच वर्षभर ती हे कोणाशी बोलली नाही.

तिचं घर मोलगीच्या वर, डोंगरात. गेल्या वर्षी सुट्टीला ती आईकडे आली होती. होळीला दोन दिवस होते.

तिचा बाप आमशा अठरा हिवाळे राजस्थानातल्या खाऱ्या सरोवरावर राबला. समुद्र तिथून कुठच्या कुठे, तरी पाणी खारट. पावसाचं पाणी साचतं, उन्हात आटतं, मागे मीठ उरतं. आधी राजांनी ते काढवून घेतलं. मग इंग्रजांनी रूळ टाकून डबे भरले. आता मुकादम ट्रक भरतो.

मीठ देशभरच्या ताटांत गेलं. आमशाच्या वाट्याला पाय आले. पांढरे, चिरलेले, लाकडासारखे कडक.

दर होळीला तो घरी यायचा. चार दिवस. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मुकादमाची जीप खालच्या वळणावर उभी राहायची.

त्या वर्षी होळीआधीच, पौषात, तो तिकडे वारला. सोबत काम करणारा गावचाच दलसिंग राखेचं गाठोडं घेऊन आला.

"सगळं आणलंस ना?" सुनिताच्या आईने, रूपलीबाईने, विचारलं होतं.

"सगळं आणलं, भाभी."

त्याने मान वर केली नव्हती.

तर होळीला दोन दिवस असताना, त्या संध्याकाळी शेळी फाटकापाशी जमीन चाटत होती.

"चारा टाक तिला," रूपलीबाई म्हणाली. "मास्तरणीच्या घरची शेळी माती खाते, लोक हसतील."

सुनिता हसतच गेली. खाली पाहिलं...

पांढरा ठसा. अनवाणी पावलाचा.

तिने बोट लावलं. जिभेवर टेकवलं.

मीठ.

दुसऱ्या दिवशी ठसे अंगणात.

होळीच्या दिवशी उंबऱ्याशी.

सगळे येणारे. जाणारा एकही नाही. आणि उजव्या टाचेला आडवी चीर...

बापाची ती चीर सुनिता दर होळीला मेण तापवून भरायची.

दलसिंग होळीला गावी आला होता, रूपलीबाईने त्याला बोलावलं. ठसा दाखवला. तो ठशापाशी उकिडवा बसला.

"पाय जळत नाहीत, भाभी. मिठाने कडक होतात. चिता विझली तरी तसेच राहतात. तिकडची माणसं ते काठावर मिठात पुरतात. आम्हीही पुरले."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? नवरा आणला, पाय ठेवून आलो?"

त्याने स्वतःचे पाय लुंगीखाली ओढून घेतले.

धुळवडीला डोंगरभर ढोल वाजत होते. घरात कोणी नव्हतं. सुनिता पाणी प्यायला आत आली...

चुलीपाशी, बाप बसायचा त्या जागी, दोन ठसे. ओले.

रूपलीबाईने पानात भाकर ठेवली. भाजीत मिठाचा कण घातला नाही.

"आलास ना? आता बस इथेच. उद्या विधीला बडव्याला बोलावते, तुझं राहिलेलं घरचं घरी नीट करू."

तिने दाराला अडसर घातला. दाराला पाठ लावून झोपली.

सकाळी अडसर जागच्या जागी होता. भाकर तशीच होती.

चुलीपाशी जमीन कोरडी...

सुनिता बाहेर धावली. उंबऱ्यापासून ठसे निघाले होते. अंगणातून, फाटकातून, उतारावरून खाली. थेट वळणापर्यंत.

तिथे जीपच्या चाकांच्या खुणा होत्या.

मिठाचा हंगाम अजून तीन महिने होता.

संध्याकाळी दलसिंगचा फोन आला. तोही त्याच जीपने गेला होता.

"पोरी, जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं टपावर बसली. पण माझ्या शेजारी कोणी बसेना."

"का, काका?"

"जागा ओली होती."

सुनिताने आईला सांगितलं. रूपलीबाई चुलीपाशी ती जागा हाताने पुसत म्हणाली, "मेल्यावरही चारच दिवस."

बडवा आला आणि परत गेला. नीट करायला घरात काही उरलंच नव्हतं.

आज पुन्हा होळीला दोन दिवस आहेत. मुकादमाची जीप यंदाही येणार आहे. रूपलीबाईने शेळीला दुपारीच खुंटीला बांधलंय.

शेळीने दोर ताणलाय. फाटकाच्या दिशेने...

सुनिता अजून उठून बघायला गेलेली नाही.