कारभारीचा आकडा

यातलं एकही अक्षर माझ्या पदरचं नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या, रेणुकाच्या बाबतीत घडलं. ती डोणगावला शाळेत शिकवते. उगाच काहीबाही बोलणारी बाई नाही ती.

गेल्या वर्षीचा मे महिना. रविवारची दुपार. जागा जळगाव जामोद, रेणुकाचं माहेर.

हो, दुपारच. बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन होतं.

तिचे वडील गुलाबराव यांचं पूर्वी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान बंद पडलं, पण विमानांच्या गेमचं एक मशीन त्यांनी घरामागच्या खोलीत ठेवलं होतं. लाकडी कपाटाएवढं. दोन खेळाडूंसाठी शेजारी शेजारी दोन दांडे, खाली बटणं.

त्या मशीनला स्मरणशक्ती नव्हती. लाइट गेली की सगळ्यात मोठा आकडाही पुसला जायचा. आणि तेव्हा लाइट रोजच जायची. म्हणून रेकॉर्ड म्हणजे काय, तर चार माणसांनी डोळ्यांनी पाहिलेला आकडा. तो गुलाबराव दारावर खडूनं लिहायचे.

दुकानात कारभारी नावाचा एक पोरगा यायचा. कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. आकडा भरवायचा, म्हणजे सगळे नऊ आणून मशीनला पुन्हा शून्यावर पाडायचं, हे त्याचं वेड. तोवर ते कोणालाच जमलं नव्हतं.

एका दुपारी तो ओरडत दुकानातून बाहेर आला.

"गुलाबभाऊ, आकडा भरला! चाला, पाहा!"

सगळे आत धावले... तोवर लाइट गेली होती.

काळा पडदा. लोक पोट धरून हसले. त्यानंतर तो ज्याला त्याला सांगत फिरायचा, आणि जो तो हसायचा. त्याच पावसाळ्यात तो विहिरीत सापडला. कोणी म्हणे पाय घसरला. कोणी म्हणे, नाही घसरला.

या गोष्टीला तीस वर्षं झाली.

रेणुकाचा हात या गेमवर लहानपणापासून बसलेला. रात्री दुकान बंद झालं की ती एकटी खेळायची. तिचा नवरा धम्मदीप टीव्ही दुरुस्त करतो. त्यानं हौसेनं मशीन चालू करून दिलं. आता रेकॉर्ड इंटरनेटवर नोंदवतात. पडदा आणि हात, दोन्ही दिसतील असा सलग व्हिडिओ पाठवायचा. बस्स.

तिनं मोबाइल एका बाजूला स्टँडवर लावला. आवाज नको म्हणून कूलर बंद केला. दाराला आतून कडी घातली.

खेळ छान रंगला. आकडा चढत गेला.

आणि मग...

टिक.

शेजारचं बटण.

टिक... टिक टिक.

जुनं मशीन, वाजत असेल, असं तिला वाटलं. नजर हलवायची सोय नव्हती. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं...

शेजारचा दांडा हलत होता.

ती दचकली. तिचं शेवटचं विमान फुटलं. खेळ संपायला हवा होता.

संपला नाही.

पडद्यावर नवं विमान आलं. तिनं हात काढून घेतले. उठली, मागं सरकत भिंतीला टेकली. दार मशीनच्या पलीकडे. तिकडं जायचं तर त्या दांड्याजवळून जावं लागणार होतं.

मशीनसमोर कोणीच नव्हतं. विमान मात्र सफाईनं उडत होतं. तिलाही कधी जमलं नव्हतं, अशा सफाईनं.

खोलीत वास सुटला. ओल्या गाळाचा... भर मे महिन्यात.

आकडा चढतच होता. सगळे नऊ झाले. मग... शून्य.

बटणं थांबली.

आणि तिच्या कानाशी, अगदी कानाशी, कोणीतरी विचारलं...

"पाह्यलं ना?"

"हा... हाव," ती म्हणाली.

लाइट गेली.

किंकाळी ऐकून धम्मदीपनं दार तोडलं. ती भिंतीशी मुटकुळं करून बसली होती.

संध्याकाळी दोघांनी व्हिडिओ पाहिला.

व्हिडिओत रेणुका एकदाही उठलेली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच खेळते आहे. तिचेच हात. शेजारचा दांडा स्थिर. आकडा भरतो, शून्य होतो. मग तिचेच ओठ हलतात.

"पाह्यलं ना?"

पुन्हा तेच ओठ हलतात.

"हाव."

दोन्ही आवाज तिचेच.

"तुले ऊन लागलं, रेणू," धम्मदीप म्हणाला. "खेळली तर तूच." त्यानं तिला न विचारता व्हिडिओ पाठवून दिला. तो मंजूर झाला. रेकॉर्डच्या यादीत सगळ्यात वर रेणुकाचं नाव लागलं.

ते कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही.

"बाबा, हा आकडा कारभारीचा आहे," तिनं गुलाबरावांना सांगितलं. "तो मले दाखवाले आला होता. अन् नाव माह्यं लागलं."

गुलाबराव हसले नाहीत. म्हणाले, "नाव काढून टाक, माय. लवकर काढ."

तिनं यादीवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, व्हिडिओत तुम्हीच आहात, नाव बदलता येणार नाही. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. मशीन गुलाबरावांनी भंगारात देऊन टाकलं.

नाव अजून तसंच आहे.

डोणगावच्या घरात व्हिडिओ गेम नाही. तरी सुट्टीच्या दिवशी, दुपारी गल्ली सामसूम झाली की तिला ऐकू येतं...

टिक... टिक टिक.

धम्मदीपला ऐकू येत नाही. सासूला, सिंधूताईंना, ऐकू येत नाही.

परवाच्या रविवारी दुपारी तिचा फोन आला होता. मुलांच्या परीक्षेबद्दल बोलत होती. मधेच गप्प झाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुले काही आयकू येऊन राह्यलं का?"

मी कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं. तसं सांगितलं.

"बरं," ती अगदी हळू म्हणाली. "फोन ठेवू नको फक्त."