मौनीची पट्टी

मिरजेत चाळिशीच्या आतल्या एकाही माणसाच्या अंगावर व्रण नव्हता, आणि बहुतेक घरांतून विळी हद्दपार झाली होती. भाजी केंद्रातून चिरून यायची, दर बुधवारी दंडावर मौनी या औषधाची नवी पट्टी लागायची. खानावळवाल्या द्वारकाबाई गुरव मात्र अजून विळीवरच कांदा चिरत. "मेले सगळे मेणाचे झालेत!" असं वर म्हणत.

मौनीनं कॅन्सरची नांगी मोडली होती, हे मात्र खरं. पेशी एकमेकींना प्रथिनांच्या हाका मारतात: वाढ, सरक, जागा कर. डॉक्टर त्यांना हाकप्रथिनं म्हणत. कॅन्सरही याच हाकांवर अंगभर पसरतो. मौनी हाक दाबून टाकी, म्हणून द्वारकाबाईंच्या छातीतली वाटाण्याएवढी गाठ अकरा वर्षं गुपचूप बसली होती. पण जखमही त्याच हाकेनं भरते. मौनी घेणाऱ्याला साधं खरचटलं तरी महिनोन् महिने चिघळे.

आता नणंदेचं, कलावतीचं यकृत निकामी झालं होतं, आणि जुळत होतं फक्त द्वारकाबाईंचं.

"अर्धं दिलं तर माझं परत वाढेल ना?"

"वाढेल, पण मौनी सोडली तरच," डॉक्टर मुजावर म्हणाले. "आणि मावशी, हाक कुणासाठी आहे ते पेशींना कळत नाही. तुमची गाठ काढू आपण, पण तिच्या पेशी आधीच रक्तात सांडल्यात. त्या एकदा उठल्या की मौनीलाही जुमानत नाहीत."

"ऐकलंस ना, द्वारके?" कलावती खाटेवरून ओरडली. "नकोत मला तुझे उपकार!"

"गप्प बसा, वन्सं! चाळीस वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवलीत, आता मध्येच पळता होय? मी भांडू कुणाशी?" द्वारकाबाईंनी पट्टी टरकन ओढून काढली.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत द्वारकाबाईंचं यकृत पुरतं वाढलं. फुप्फुसांवर चार ठिपकेही उठले.

"रडायचं नाही हं कुणी," म्हणत द्वारकाबाई पुन्हा विळीवर बसल्या. पहिल्याच दिवशी अंगठा कापला. कलावतीनं चिंधी बांधली, आणि रोज सोडून बघू लागली. चौथ्या दिवशी तिथं कोवळी, गुलाबी कातडी आली होती.

"भरली की गं मेली!" कलावती हुंदका देत म्हणाली. जखम भरू नये, असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं होतं.

"भरणारच," द्वारकाबाईंनी हात सोडवून घेतला. "आमटी निवतेय. आधी खा, मग नावं ठेवा."