मालवलेली भूक

"मेल्यांच्या तोंडाला वास तरी कसला गं हा! नासक्या पेरूचा," शेजारच्या बाई पदराआड पुटपुटल्या.

इंदुमतीबाईंनी हसू दाबलं. वेंगुर्ल्याच्या परतावा केंद्रात भेटीला आलेल्या सगळ्याच आयांची ही तक्रार होती. मुलांदेखत मात्र कुणी नाक मुरडत नसे. मंगळावरून परतलेलं पोर, वास येतो म्हणून दूर सारायचं थोडंच!

वासाचं कारण डॉक्टर मुजावरांनी सांगितलं. "काकू, यानात तांदूळ नेणं परवडत नाही. तेवढ्याच वजनाच्या तुपात दुपटीहून जास्त ताकद असते. म्हणून ही मुलं आम्ही स्निग्धाहारी केली. भात-भाकरी सुटली की काही दिवस डोकं दुखतं, पाय ओढतात, माणूस चिडचिडतो. मग यकृत चरबीपासून केटोन नावाचं इंधन बनवायला लागतं आणि साखरेसाठी हटून बसणारा मेंदूसुद्धा मुकाट त्यावर चालतो. त्यातलंच थोडं श्वासावाटे उडतं."

"म्हणजे गॅस संपला की चूल पेटवायची, तसं?"

"अगदी! फक्त आम्ही इंजेक्शन देऊन गॅसची जोडणीच काढली. आणि चरबीवर चालणाऱ्या शरीराला भूक तशीही कमीच लागते, तर मेंदूतली तिची उरलीसुरली जागा निजवून टाकली. भूक मालवली म्हणा ना."

"भुकेबरोबर आणखी काय मालवलंत?" इंदुमतीबाईंनी आपलं सहज विचारलं.

डॉक्टर चष्मा पुसू लागल्या. "हे सगळं परत जागं करणारं उलटं इंजेक्शन आहे. पण ते या सुट्टीतच घ्यायला हवं. दुसऱ्या फेरीनंतर शरीर ऐकत नाही. तुमच्या निनादशी बोला."

बोलायचं काय त्यात? इंदुमतीबाईंच्या पिशवीत शिरवाळे होते. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया आणि वर गुळाचा नारळरस. एवढ्यावर पोर विरघळलं नाही, तर आपण मालवणी कसल्या?

निनाद आला, वाकून पाया पडला. तब्येत ठणठणीत होती.

"जेवलास?"

"परवा."

त्या हसल्या. तो हसला नाही. विनोद नव्हताच तो. त्यांनी वाटी भरून पुढे केली. त्याने एक घास घेतला, नीट चावला, "छान झालंय" म्हणाला आणि रुमालाने बोटं पुसली. लहानपणी हा वाटी तोंडाला लावून रस प्यायचा, मिशा उमटायच्या.

"इंजेक्शन घे आणि घरी चल, बाळा."

"नको म्हणून सांगितलंय, आई. मी परत जातोय."

"अरे, पण तिथे एकटा... रोज निरोप पाठवायचास मला. एक दिवस चुकला नाहीस."

"गजर लावला होता."

 आसपासच्या आयांपैकी एकीने उगीचच डब्याचं झाकण पुन्हा लावलं.

"बाबा गेल्याचं कळवलंस, तेव्हा मी पंप दुरुस्त करत होतो," निनाद म्हणाला. "तो पूर्ण केला. मग जरा झोपलो."

"धीराचा आहेस तू. सगळ्यांना मी तेच सांगितलं."

"धीर नव्हता तो." त्याने आईचा हात हातात घेतला, डॉक्टर नाडी बघायला घेतात तसा. "त्या इंजेक्शनाने सगळं एकदम परत येईल म्हणतात. इतक्या वर्षांचं. ते मला नकोय. आणि भूक नुसती अन्नाची नसते गं. आई, मला तुझी आठवण येत नाही."