रडतानाचं वजन

माझ्या मुलीचा आवाज असा होता, की आमच्या खालच्या दुकानातला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लावण्याआधी एकदा छताकडे बघून घ्यायचा. हे त्यानेच मला सांगितलं, तक्रार म्हणून. ऐकताना माझी मात्र छाती फुगली.

"फुप्फुसं दणकट आहेत हो पोरीची," मी म्हणालो.

"फुप्फुसं कसली, भोंगा आहे तो," तो म्हणाला. तेव्हापासून आमच्या जिन्यात तिचं नाव भोंगी पडलं.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, औषधवाल्यांचे नाजूक, गोदामातले माणूस उभा राहील एवढे. वडिलांपासूनचा धंदा आहे आणि घराची पुढची खोली हेच आमचं दुकान. मी जुळवलेला काटा वर्षभर हलत नाही असं बाजारात म्हणतात. खोटं नाही ते. बायको एका कचेरीत नकाशे काढते. बाळंतपणाची रजा संपत आली होती, आणि भोंगी काही केल्या गप्प राहत नव्हती. दूध पिण्याआधी रडायची, प्यायल्यावर रडायची, अंघोळीत रडायची आणि अंग पुसलं की त्याचाही राग यायचा. आम्ही दोघं पाळीपाळीने जेवायचो आणि बोलायचो ते ओरडूनच.

सासूबाई मदतीला आल्या होत्या, त्या कंबर धरून परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "चार पोरं वाढवली मी, पण हिच्यापुढे हात टेकले, जावईबापू. आणि एक गंमत बघा. रडत असली की कशी जड लागते हाताला. मध्येच गप्प झाली की काही घेतलंय असं वाटतच नाही. माझ्याच हातातलं बळ गेलं म्हणायचं."

मी हसलो. वजनाच्या बाबतीत मी माणसाच्या हातावर कधीच विश्वास ठेवलेला नाही.

दवाखान्यात मात्र पोरगी नमुनेदार वागायची. सिस्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, की रडणं थांबवून वर टक लावून बघत बसायची. "किती गुणी बाळ!" असं म्हणता म्हणता त्या आकड्याकडे बघायच्या आणि त्यांचा चेहरा बदलायचा.

"बाळसं धरत नाहीये हो. दूध पुरतंय ना?"

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात वजन वाढलं नाही तर दाखल करावं लागेल. बायको बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. घर आल्यावर एवढंच म्हणाली, "सगळं करतेय रे मी. अजून काय करू?"

मी म्हणालो, त्यांचा काटा खोटा असणार. दुसऱ्या दिवशी माझी प्रमाणित वजनं घेऊन दवाखान्यात गेलो आणि सिस्टरांची परवानगी काढून काटा तपासला. चोख होता. मी जुळवला असता तर असाच जुळवला असता.

त्याच दुपारी दुकानातला सगळ्यात चांगला काटा खाली घेतला. पारड्यात दुपटं अंथरलं, काटा शून्यावर आणला आणि तिला ठेवली. ती कडाडून रडत होती. काटा थरथरून स्थिर झाला, आणि मी ओरडलोच. भरपूर वजन! बाळसं धरलेल्या पोरीचं वजन! बायको साबणाच्या हातांनी धावत आली.

तेवढ्यात भोंगी गप्प झाली. नजर वर लावली. आणि काटा उतरू लागला. झटक्याने नाही, सावकाश, कोणी श्वास सोडावा तसा.

"हे तर दवाखान्याचंच वजन," बायको म्हणाली.

रडणारं मूल हातपाय झाडतं, त्याने काटा हलतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण तो दोन्ही बाजूंना हलतो. इथे तसं नव्हतं. मी स्प्रिंगचा काटा घेतला, विजेवरचा घेतला, शेवटी वडिलांचा दोन पारड्यांचा जुना तराजू काढला. त्याचं पारडं पितळी, चांगलं परातीएवढं. सगळ्यांचं एकच म्हणणं. पोरगी रडत असली की भरलेली, गप्प झाली की हलकी.

मी उभी हयात दुकानदारांची लबाडी पकडण्यात घालवली आहे. पारड्याला चोरून लागलेलं बोट मला लांबून कळतं, कारण बोट लागलं की काटा एका विशिष्ट तऱ्हेने लाजतो. तो आत्ता तसाच लाजत होता. फक्त बोट पारड्याला लागलेलं नव्हतं.

 

दुसऱ्या दिवशी बायको रजा वाढवून मागायला कचेरीत गेली. लख्ख दुपार होती. खाली न्हाव्याचा रेडिओ चालू होता. मी भोंगीला जुन्या तराजूत ठेवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकून दांडी सरळ केली आणि वाट बघत बसलो. ती रडत होती, तोंड लाल, मुठी आवळलेल्या. मला वाटलं, किती देखणी आहे ही.

मग ती थांबली.

माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघून हसली. तिचं ते पहिलं हसू.

तिचं पारडं वर आलं. हलकेच, अडेपर्यंत. नेहमी सगळं तिथेच थांबायचं, आज थांबलं नाही.

तिच्या पाठीखाली दबलेल्या दुपट्याच्या सुरकुत्या एकेक करून उलगडायला लागल्या.

मी दोन्ही हातांनी तिला धरलं.

ओढाताण झाली नाही, तसं काहीच झालं नाही. आपण कुणाच्या हातातून तान्हं मूल घेतो ना, तेव्हा समोरचा माणूस लगेच सोडत नाही. आपण मान नीट धरली आहे का, हे बघतो आणि मगच हात काढून घेतो. तेवढाच वेळ ती मधल्यामध्ये होती. मग तिचं सगळं वजन एकदम माझ्या हातात आलं, आणि तिने जो टाहो फोडला त्याने खालचा रेडिओ बंद झाला. इतकं सुरेल मी आजवर काही ऐकलेलं नाही.

बायको आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, मला वेड्यातही काढलं नाही. पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मग रडू दे तिला. खुशाल रडू दे. आपण ऐकू."

पुढच्या खेपेला सिस्टर दुपटं अंथरायला गेल्या तर बायको म्हणाली, "राहू द्या, तशीच ठेवा." उघड्या पाठीला गार पारडं लागलं आणि भोंगीने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. बाकीची बाळंही जागी झाली. सिस्टरांनी आकडा बघितला, पुन्हा बघितला.

"अगंबाई! धरलं की हो बाळसं!"

बायकोची मान ताठ झाली. तिची ती मान मी विसरणार नाही.

त्यानंतर आमच्या घरात रडण्याला कोणी वैतागलं नाही. रडणं ऐकू आलं की भात परतता परतता बायको बिनधास्त, आणि जरा शांतता झाली की दोघंही हातातलं टाकून धावायचो. न्हाव्याला मी त्याच्याकडे पडून असलेला एक मोडका काटा फुकट दुरुस्त करून दिला, तो त्याला कशाला हवा होता देव जाणे, पण तक्रार थांबली.

आता ती जरा मोठी झाली आहे. दंडाला वळ्या पडल्यात. रडणंही कमी झालं आहे, आणि गप्प असतानाही वजन जिथल्या तिथे भरतं. मी रोज बघतो. बायको कचेरीत जाते, मी दुकान आणि पोरगी दोन्ही सांभाळतो, आणि गिऱ्हाईक आलं की आधी पोरगी दाखवतो, मग काटा. दवाखान्यात सिस्टर नव्या आयांना आमच्याकडे बोट दाखवतात, "यांना विचारा, कसं वाढवलं ते."

परवा सासूबाई आल्या होत्या. भोंगी आता दोन्ही हात वर करायला शिकली आहे, घे म्हणून. सासूबाईंना कोण कौतुक! "एवढ्यात कळतं हो हिला, उचलून घ्या म्हणते! आमच्या पोरांना बोलायला लागेपर्यंत जमलं नव्हतं."

"हुशार आहेच ती," मी म्हणालो, आणि तिला आणखी घट्ट धरलं. हात वर करते तेव्हा ती माझ्या कडेवरच असते.