दुसरं कुलूप

आहेर सर निघाले होते ते एका सहीपुरते. अंबडच्या एका कारखान्याला सुरक्षेचा वार्षिक दाखला हवा होता, आणि कारखाना निरीक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही अशा तपासणीला त्यांनाच बोलावणं येई.

बाहेर सकाळचं ऊन रणरणत होतं, पण शेडमध्ये मिट्ट काळोख होता. तिथं आता नुसते यंत्रमानव काम करत आणि त्यांना उजेड लागत नाही, म्हणून दिवेच काढून टाकले होते.

अकरा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये तेलाच्या दाबावर चालणारे, पत्रा दाबायचे मोठे प्रेस होते. सुरगाण्याकडचा बुधा नावाचा कंत्राटी कामगार त्यांतल्या एकाखाली चिरडला गेला. चौकशी आहेर सरांनीच केली, ऑफिसात चहा घेत, कंत्राटदाराची हजेरी पाहून. हजेरीत एकच नाव, म्हणजे आत एकच माणूस होता, त्यानं आपलं कुलूप लावलं नव्हतं, चूक त्याचीच, असं त्यांनी लिहून दिलं. आपण नीट पाहिलं होतं का, हा किडा तेव्हापासून त्यांचं डोकं पोखरत होता.

नियम तसा साधा. दुरुस्तीला आत जाणाऱ्यानं मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप घालायचं, त्याला नावाचा टॅग अडकवायचा आणि किल्ली खिशात ठेवायची. बाहेर आल्यावर ज्याचं त्यानं काढायचं. कुलूप असेपर्यंत यंत्र सुरू होत नाही.

मॅनेजर रूपालीनं अडचण सांगितली. दोन महिने झाले, फिटर गोरक्ष आपलं कुलूप काढून घेतो आणि मागे आणखी एक उरतं, टॅग नसलेलं. दर वेळी कापावं लागतं. सरांना गोरक्षचाच संशय आला. पंधरा फिटरांतला तो एकटा उरला होता. काम अडलं तर त्याचीच गरज भासणार. त्यांनी तोंडावर विचारलं.

गोरक्ष हसला. "सर, एका कुलपाला स्टोअरमध्ये तीन सह्या लागत्यात. दुसरं कुठनं आणू?"

मग सर शेडच्या दारातल्या उजेडात, स्विचपाशीच खुर्ची टाकून बसले. गोरक्षनं कुलूप घातलं आणि टॉर्च घेऊन तो जाळीच्या दारातून आत गेला. अंधारातून पान्याची टकटक येऊ लागली. थोड्या वेळानं जळक्या तेलाचा वास आला... जुन्या प्रेसचा. या नव्या यंत्रांत तेल नसतंच. सरांनी मान वळवून आत पाहिलं, तेवढ्यात पाठीमागे खट्ट झालं.

स्विचवर दोन कुलपं होती. दुसरं गंजलेलं, आणि त्याच्या टॅगवर बुधाचं नाव, अपघाताची तारीख.

गोरक्ष बाहेर आला, आपलं कुलूप काढून बाजूला झाला. रूपाली कटर आणि कुलूप कापायचा फॉर्म घेऊन आली.

"सही करा सर. आत कोणी नाही, मी हजेरी पाहिलीय."

सरांचं पेन थबकलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीही असाच हजेरीवर भरवसा ठेवला होता. सहीच्या जागी त्यांनी लिहिलं : बुधाने कुलूप लावले होते. माझा अहवाल चुकीचा होता.

कुलूप तसंच राहिलं.

"सर, तुमच्या माणसांना बोलवा की बाहेर," गोरक्ष म्हणाला. "माझ्यावर नजर ठेवायला पाठवलेली. टॉर्च त्यांच्यापाशीच राह्यला."

जाळीपलीकडच्या अंधारात छातीच्या उंचीवर टॉर्च पेटलेला होता. जराही हलत नव्हता.

सरांनी टॅग उलटा केला. मागे 'आत किती जण' असं छापलेलं होतं, आणि पुढे पेन्सिलनं आकडा होता. दोन.

"गोरक्ष, किती जण होते आत?"

"दोघं. एकानं टॉर्च धरलेला. दुसरा लय घाबरट... मागनं माझा शर्टच सोडत नव्हता."

तो दाखवायला वळला. पाठीवर काळ्या तेलात पाच बोटं उमटली होती, अजून ओली.